प्रदर्शनांची स्मृतिपदके: धातू, मुलामा आणि संग्रह – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जागतिक प्रदर्शनांची पदके जमवायला लागलेली माणसे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची ही उत्तरे. सगळ्या प्रश्नांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे लोक फसतात तिथे जास्त लिहिले आहे, बाकीचे थोडक्यात आटोपले आहे.

पदक आणि नाणे यांत फरक काय?

नाण्यामागे सरकार उभे असते. त्यावर मूल्य छापलेले असते आणि ते व्यवहारात चालते. पदकावर कितीही थोर माणसाचा मुखवटा असला तरी त्याने कुणाचे देणे फिटत नाही. शिकागोच्या १८९३ च्या कोलंबियन प्रदर्शनासाठी अर्ध्या डॉलरचे कोलंबसचे नाणे काढले होते, ते नाणे. त्याच प्रदर्शनात बक्षीसपात्र प्रदर्शकांना दिलेली ब्राँझची तळहाताएवढी जाड चकती, ते पदक.

प्रदर्शनांच्या पदकांच्या ढोबळ तीन जाती. पहिली पुरस्काराची पदके, जी परीक्षकांच्या निर्णयाने मिळत. दुसरी अधिकृत स्मृतिपदके, जी आयोजकांनी किंवा सरकारी टाकसाळीने काढली आणि कोणीही विकत घ्यावीत. तिसरी खाजगी कारागिरांनी आणि कारखान्यांनी गर्दीच्या खिशाकडे पाहून पाडलेली आठवणीची पदके. धातूंचा खरा गोंधळ या तिसऱ्या जातीत आहे. मजाही तिथेच आहे.

पदकावर ‘गोल्ड मेडल’ असे स्पष्ट लिहिले आहे. मग ते सोन्याचे ना?

बहुतेक वेळा नाही. प्रदर्शनांच्या भाषेत सोने, रुपे आणि ब्राँझ ही आधी प्रतवारी असते, धातू नंतर. सेंट लुइसला १९०४ मध्ये भरलेल्या प्रदर्शनाची पुरस्कार पदके अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने घडवली. श्रेणीनुसार त्यांचे आकार बदलतात, ‘गोल्ड मेडल’ ही अक्षरे ठसठशीत दिसतात आणि धातू असतो ब्राँझ. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या प्रदर्शनातही तसेच: अक्षरे सोन्याची, अंग ब्राँझचे, कधी वरून सोन्याचे पाणी.

काही प्रदर्शनांनी तर धातूवरून प्रतवारी लावण्याची भानगडच ठेवली नाही. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात सगळी पुरस्कार पदके ब्राँझची होती. वरचे ‘कौन्सिल मेडल’ सुमारे ८९ मि.मी. व्यासाचे, त्याखालचे ‘प्राइझ मेडल’ सुमारे ७७ मि.मी.चे; मान आकाराने आणि चित्राने ठरायचा. फिलाडेल्फिया १८७६ आणि शिकागो १८९३ येथेही पुरस्काराला एकच ब्राँझचे पदक होते.

त्यामुळे घरात ‘पणजोबांना सुवर्णपदक मिळाले होते’ अशी आठवण असेल आणि डबीत तपकिरी पदक निघाले, तर कुणी मधल्या मधे सोने लांबवले असा संशय घेऊ नका. पणजोबाही खरे आणि पदकही खरे. याउलट ओसाकाच्या १९७० च्या प्रदर्शनाची अधिकृत स्मृतिपदके खरोखरच सोने, चांदी आणि तांबे अशा तीन धातूंत निघाली. म्हणून प्रत्येक प्रदर्शनाचा रिवाज वेगळा पाहावा लागतो.

पदक हातात आले की सगळ्यात आधी काय पाहायचे?

कड. चेहरा नंतर.

पुढची-मागची बाजू घडवणाऱ्याने तुम्हाला दाखवण्यासाठीच घडवलेली असते. कडेकडे कोणाचे फारसे लक्ष नसते, म्हणून ती खरे बोलते. पदक दोन बोटांत कडेने धरा, खिडकीपाशी जा, दहापट भिंग डोळ्याला लावा आणि हळूहळू पूर्ण फिरवा. कुठेतरी पडल्याचा खळगा असतोच. त्या खळग्याच्या ओठावर आतला धातू दिसतो. वर चांदी आणि खळग्यात तांबूस-पिवळे, म्हणजे मुलामा. वर सोनेरी आणि खळग्यात पांढरे, म्हणजे सोन्याचे पाणी दिलेली चांदी असू शकते. आत-बाहेर एकच रंग, तर पुढच्या तपासाला लागा.

कडेनंतर उंचवटे: नाक, गाल, गुडघा, पंखाचे टोक. हात लागून मुलामा आधी इथून जातो. मग अक्षरांमधली खोल जागा पाहा. मूळ झिलई सगळ्यात शेवटी टिकते ती तिथे. उंचवटा आणि खोलगट यांतला रंगाचा फरक वाचता आला की अर्धे काम झाले.

कडेवर मजकूरही असतो. लंडन १८५१ च्या पुरस्कार पदकांवर विजेत्याचे नाव कडेवरच आहे. पुढची बाजू गुळगुळीत झालेली, पण कडेवरचे नाव शाबूत, असे पदक मी हसत हसत घेईन.

फ्रेंच पदकाच्या कडेवर मधमाशी आहे. ते काय?

ती पॅरिसच्या टाकसाळीची खूण. या खुणांमुळे फ्रेंच पदकांचा अभ्यास इतरांपेक्षा कितीतरी सोपा होतो. १८३२ ते १८४१ जुना तेलदिवा, १८४१-४२ जहाजाचा नांगर, १८४२ ते १८४५ गलबताची नाळ (पुढचे टोक), १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. शेजारी धातूचे फ्रेंच नाव असते: ‘क्वीव्र’ म्हणजे तांबे, ‘आर्जां’ म्हणजे चांदी, ‘ऑर’ म्हणजे सोने, ब्राँझ तर ब्राँझच.

याचा उपयोग दोन ठिकाणी. पहिला, पदक चांदीसारखे पांढरे असूनही कडेवर ‘ब्राँझ’ असेल तर वाद मिटला, वरचे रुपे हा मुलामा. दुसरा, पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनाच्या पदकावर हात असायला हवा. शिंग दिसले तर ठसा जुना, पण पदक १८८० नंतर पुन्हा छापलेले. १८६७ आणि १८७८ च्या प्रदर्शनांना मधमाशी शोभते. १८८९ आणि १९०० ला शिंग बरोबर, पण शिंग आजही चालू असल्याने तेवढ्यावरून काळ ठरत नाही. तिथे कडेवर वर्ष छापले आहे का ते पाहा, नव्या छापांवर पुष्कळदा असते.

खाजगी कारखान्यांच्या पदकांवर या खुणा नसतात. खूण नाही म्हणून पदक खोटे, असा उलटा तर्क लढवू नका.

ब्राँझ म्हणावे तर एक पदक महोगनीसारखे लालसर, दुसरे चॉकलेटी, तिसरे पिवळे. सगळी ब्राँझच कशी?

हा माझा आवडता प्रश्न. बाजारात ‘ब्राँझ’ हा शब्द धातूपेक्षा रंगाला जास्त वापरतात.

एकोणिसाव्या शतकातली कित्येक ‘ब्राँझ’ पदके आतून तांब्याची आहेत. तांब्याची चकती ठशाखाली दाबायची, मग तिच्यावर लोह-ऑक्साइडची लालसर-तपकिरी पूड लावून तापवायचे. वर एक पातळ, एकसारखी साल धरते. लंडनच्या आणि अमेरिकेतल्या जुन्या पदकांवरचा महोगनी रंग तो हाच. भिंगातून पाहिले तर पृष्ठभाग रेशमी आणि एकजीव दिसतो, आणि जिथे साल उडाली तिथे तांबे गुलाबी डोकावते. हे गुलाबी टिंब दिसले की समजायचे, खाली तांबे आहे.

अमेरिकेच्या टाकसाळीत महोगनीनंतर गडद चॉकलेटी रंग आला, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उजळ पिवळसर ब्राँझ. वाळूच्या माऱ्याने रवाळ केलेला मॅट पृष्ठभागही त्याच सुमाराला रुजला. फ्रेंच कारागीर गंधकाच्या संयुगांनी तपकिरीच्या कितीतरी छटा काढत, कधी वरून मेण, कधी लॅकर (वार्निशसारखा लेप). पॅरिस १९०० चे ज्यूल-क्लेमां शाप्लँ यांचे पदक घेऊन तिरप्या उजेडात धरा. उठाव इतका उथळ आहे की तपकिरी छटेच्या कमीजास्तपणावरच चेहऱ्याची गोलाई उभी राहते. ती छटा घासून काढली तर शिल्पच अर्धे पुसले जाते.

मग रंगावरून काळ सांगता येतो का? अंदाज बांधता येतो. ठसा जुना आणि पृष्ठभाग पिवळा रवाळ अशी जोडी दिसली तर नंतरच्या छापाची शंका घ्यावी. ते खूप नंतरच्या हाताने रंगवलेले नाही ना, हे खोलगट जागांत पाहावे. नंतरचा रंग खळग्यांत साचतो आणि ओरखड्यांच्या वरूनही गेलेला असतो. मूळ साल ओरखड्याने कापली जाते, ओरखडा झाकत नाही.

पांढरी पदके कशी ओळखू? चांदी, मुलामा, व्हाइट मेटल, अ‍ॅल्युमिनियम, सगळे सारखेच दिसते.

नवीन असताना दिसते, शंभर वर्षांनी नाही. प्रत्येक धातू वेगळ्या तऱ्हेने म्हातारा होतो.

चांदी काळवंडते. आधी फिकट सोनेरी, मग निळसर-जांभळी, मग काळी, आणि हा रंग कडेकडून आत सरकत येतो. मुलाम्याची चांदीही तशीच काळवंडते, पण उंचवट्यावर खालचे पिवळे किंवा तांबूस उघडे पडते.

व्हाइट मेटल म्हणजे कथलाचा मिश्रधातू: कथील, थोडे अँटिमनी, कधी शिसे. ठसा त्यात फार सुरेख उतरतो, आणि स्वस्त. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची १८५१ सालची कितीतरी आठवणीची पदके याच धातूची आहेत; त्यांवर ती काचेची लांबलचक इमारत खिडकीन् खिडकी मोजता येईल अशी उतरलेली असते. बर्मिंगहॅमचे अ‍ॅलन अँड मूर हे त्यातले ठळक नाव. हा धातू काळा पडत नाही, राखाडी होतो आणि खिशातल्या किल्लीनेही ओरबाडतो. मूळ आरशासारखी चमक टिकलेला नमुना विरळा, म्हणून तो दिसला की चांदी समजून लोक उड्या मारतात. कथलाची थंडीत आणखी एक खोड: शुद्ध कथील सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली दीर्घकाळ राहिले तर भुकटीसारखे ठिसूळ होऊ शकते.

अ‍ॅल्युमिनियम हातात घेताच कळते, वजनच नसते. त्याचा इतिहास मात्र गमतीचा. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या कांड्या मौल्यवान धातू म्हणून मांडल्या होत्या. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने तो काढण्याची रीत सापडली आणि किंमत कोसळली. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनापर्यंत तो इतका आवाक्यात आला की आठवणीच्या पदकांची त्यात रेलचेल झाली. म्हणून १८९३ चे हलके पदक ‘नंतरची स्वस्त नक्कल’ म्हणून बाजूला सारू नका. त्या वर्षी तो नवलाईचा धातू होता.

निकेलचा मुलामा कडक असतो आणि त्याची पांढराई किंचित पिवळट, उबदार. झिजताना तो विरत जात नाही, सोलल्यासारखा सुटतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, जुना झाला की हिरवट-पिवळी झाक येते.

सोनेरी पदकाचे काय? पितळ, सोन्याचे पाणी की नुसते लॅकर?

सोने काळवंडत नाही. खोलगट जागेत पिवळेपणा ताजा आणि उंचवट्यावर तपकिरी, तर सोन्याचे पाणी. खोलगट जागाच मळकट-हिरवट आणि उंचवटे हात लागून चमकलेले, तर पितळ. पाऱ्यात सोने मिसळून तापवून दिलेला जुना मुलामा जाड आणि किंचित मऊ दिसतो. १८४० नंतर फैलावलेला विजेचा मुलामा पातळ आणि एकसारखा. पिवळे लॅकर सोन्याची बतावणी करते, पण जिथे ते खरवडले जाते तिथे तपकिरी ठिपक्यांची नक्षी उठते. सोन्याच्या मुलाम्यावर अशी नक्षी उठत नाही.

‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणजे खराब झालेले का?

नाही, मुद्दाम काळवलेले. गंधकाच्या द्रावणात पदक काळे करायचे आणि उंचवटे पुसून उजळायचे, म्हणजे उठाव खुलून दिसतो. चांदीवरही करतात, चांदीच्या मुलाम्यावरही. नैसर्गिक काळवंडण्यात रंगांच्या पायऱ्या असतात. मुद्दाम काळवलेल्यात काळे थेट काळे असते आणि सगळ्या अक्षरांच्या खाचांत सारखेच बसलेले असते.

घरच्या घरी धातू तपासता येतो का? ओरखडा न काढता?

येतो, पाण्याने. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, प्लॅस्टिकचा पेला, डिस्टिल्ड वॉटर आणि शिवणाचा बारीक दोरा एवढेच लागते.

पदक कोरडे असताना वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे पदकाने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. झाली घनता.

समजा ३८ मि.मी. चे पदक पाण्यात धरल्यावर २.६ दाखवते. कोरडे वजन २६.८ ग्रॅम असेल तर भागाकार १०.३ येतो, म्हणजे नाण्यांच्या दर्जाची चांदी. तेच २३ ग्रॅम असेल तर ८.८, म्हणजे तांबे किंवा ब्राँझ. वर कितीही पांढरे दिसले तरी. १९ ग्रॅमला ७.३, म्हणजे कथील. ७ ग्रॅमला २.७, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. चार पदके एकाच आकाराची, आणि वजने अशी.

इशारे दोन. बुडवल्यावर अंगाला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फसतो, म्हणून दोरा हलवून ते झटका. आणि ज्या पदकाला मीनाकारी आहे, मुलामा फुगलेला आहे किंवा हिरवी पूड धरली आहे, त्याला पाण्यात घालूच नका. चाचणीनंतर मऊ कापडावर टिपून नीट वाळवा.

घनता आतला धातू सांगते, वरचा नाही. म्हणून पाणी आणि भिंग ही जोडी लागते. एकट्यावर विसंबू नये.

कसोटीचा दगड आणि आम्ल वापरले तर?

दागिन्याला चालते, पदकाला नाही. कडेवर घासलेली एक रेघ कायमची राहते. चुंबक लोखंड सापडेपर्यंतच कामाचा. पदक टेबलावर टाकून आवाज ऐकणे हा तर शुद्ध आततायीपणा. ऐकायचेच असेल तर बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलने हलकेच टिचकी मारा.

क्ष-किरण यंत्राने दिलेला निकाल अंतिम मानावा का?

ते यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. जाड मुलामा असेल तर ते प्रामाणिकपणे ‘चांदी’ म्हणेल. निकालाबरोबर घनताही मागून घ्या. दोन्ही जुळले तर निर्धास्त व्हा.

पदक काळे-मळके आहे. पुसून लख्ख करू का?

नको. आणि हे मी शहाणपणाने नाही, पस्तावून सांगतो आहे.

संग्रहाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे महोगनी सालीचे एक पदक आले. मागच्या बाजूला बोटाचा डाग होता, अंगठ्याच्या पेराएवढा. पितळी भांडी उजळायचे पॉलिश घरात होते. मऊ कापड घेतले, डागावर फिरवले, डाग गेला. म्हटले आता डागाभोवतीचे जरा एकसारखे करू. चारेक मिनिटांनी माझ्या हातात सोललेल्या गाजरासारखे गुलाबी, चकचकीत तांबे होते. अक्षरांच्या बगलेत तेवढी महोगनी उरली, पापणीवरच्या काजळासारखी. ते पदक अजून माझ्या ट्रेच्या पहिल्या खणात आहे. दुसरे काही पुसायची इच्छा झाली की मी तो खण उघडतो.

धूळ असेल तर फुंकर किंवा मऊ कुंचला. मऊ व्हिनिल प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे हिरवा चिकट थर बसला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन तो सोडवते, पण मूळ लॅकर असेल तर तेही घेऊन जाते. आधी लॅकर आहे का ते भिंगाने पाहा, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास आग नको. चांदी ‘एका बुडीत’ उजळणारी द्रावणे ऑक्सिडाइज्ड पदकाचा जीवच काढतात.

हिरवी पूड दिसते आहे. धोका किती?

हिरवे दोन प्रकारचे. कडक, गुळगुळीत, अंगाला घट्ट बसलेला हिरवा थर वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. त्याला राहू द्या. फिकट हिरवी, पिठासारखी, बोट लावले की निघणारी आणि पुसून महिन्याने पुन्हा तिथेच उगवणारी पूड म्हणजे ब्राँझचा रोग. तांब्यातल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की तो चालू होतो आणि धातू खात जातो. असे पदक लगेच वेगळ्या हवाबंद डब्यात, ताज्या सिलिका जेलबरोबर ठेवा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली की तो बराचसा थबकतो. पदक मोलाचे असेल तर पुढचे काम धातूंच्या जतनतज्ज्ञाकडे द्या.

ठेवायचे कशात?

पॉलिएस्टरच्या कडक पाकिटात किंवा आम्लविरहित कागदाच्या अस्तराच्या ट्रेमध्ये. मऊ, वास येणारे व्हिनिल नको. ओक लाकडाच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटते. शिसे असलेल्या व्हाइट मेटलला ती फार बाधते. जुने संग्राहक महोगनीची कपाटे करवून घेत, त्यात नुसता थाट नव्हता. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकर यांतले गंधक चांदीचे शत्रू. उचलताना नेहमी कडेने. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पाच वर्षांनी दिसतो.

मूळ डबी नसेल तर?

असली तर उत्तम. शिकागो १८९३ चे पुरस्कार पदक अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत दिले गेले आणि ती डबी स्वतःच एक संग्रहवस्तू आहे. मात्र डब्या अदलाबदल होतात. खाचेत पदक सैल किंवा घट्ट बसते आहे का, आणि अस्तरावर उमटलेला वर्तुळाचा डाग पदकाच्या व्यासाशी जुळतो का, ते पाहा.

नक्कल कशी पकडायची?

नक्कल म्हणजे सरसकट एकच गोष्ट नाही. ओतीव नक्कल साच्यातून निघते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून ती मुळापेक्षा एक-दोन टक्क्यांनी लहान भरते. कॅलिपरने व्यास मोजा. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतात, अक्षरांचे कोपरे साबणासारखे विरघळलेले आणि कडेवर कानशीच्या रेघा. ठशाखाली दाबलेल्या पदकाचे अक्षर जमिनीतून सरळ उभे राहते.

विजेच्या साहाय्याने केलेली नक्कल जास्त पोहोचलेली. मूळ पदकाच्या साच्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा चढवतात, पुढचा आणि मागचा असे दोन पापुद्रे जोडतात, मध्ये शिसे भरतात. तपशील हुबेहूब, केसन् केस. पण कडेवर जोड असतो, टिचकीला बद्द आवाज येतो आणि घनता भलतीच निघते.

तिसरी गोष्ट, जुन्याच ठशांतून नंतर काढलेली छाप. ती खोटी नाही, फक्त नंतरची आहे, आणि विकणाऱ्याने तसे सांगायला हवे. मला एकदा अशीच छाप ‘प्रदर्शनाच्या वेळची’ म्हणून मिळाली होती. विकणाऱ्याने फोटोत दोन्ही बाजू झकास दाखवल्या होत्या, कडेचा फोटो मात्र नव्हता. तेव्हापासून कडेचा फोटो आल्याशिवाय मी होकार देत नाही.

शिकागो १८९३ च्या पुरस्कार पदकाच्या दोन बाजू दोन वेगळ्या हातांच्या वाटतात. माझी नजर चुकते आहे का?

मुळीच नाही. पुढची बाजू, किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस, ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची. मागच्या बाजूसाठी त्यांनी नग्न युवकाची आकृती केली होती. त्यावर गदारोळ झाला, ती नाकारली गेली आणि टाकसाळीचे चार्ल्स बार्बर यांनी दुसरी बाजू केली. या भांडणात पदके १८९६ पर्यंत रखडली. विजेत्याचे नाव मागच्या बाजूला ठशात वेगळी पट्टी बसवून छापलेले आहे. नंतर कोरलेले नाव असेल तर अक्षरांच्या कडेला धातूचा उचललेला बर, म्हणजे खरखरीत काठ, दिसतो. तसा बर दिसला तर सावध.

भोक पाडलेले किंवा कडी लावलेले पदक घ्यावे का?

मुळातच कडीसह निघालेले असेल तर खुशाल. नंतर पाडलेले भोक अक्षरांतून बेधडक आरपार जाते. दुर्मीळ पदक असेल तर तेही चालेल. नेहमीचे असेल तर दुसरे मिळेपर्यंत थांबा.

नोंद कशी ठेवायची?

प्रदर्शनाचे नाव, वर्ष, व्यास, वजन, घनता, कडेवरचा मजकूर, पृष्ठभागाचे वर्णन, कुठून आले. ‘ब्राँझ’ एवढेच लिहू नका. ‘तांबे, महोगनी साल, उजव्या गालावर झीज’ असे लिहा. अमेरिकी डॉलरच्या आकाराच्या पदकांसाठी हिब्लर आणि कॅपन यांच्या १९६३ च्या सूचीतले ‘एचके’ क्रमांक सर्रास वापरतात. तिथे एकाच चित्राला धातू बदलला की क्रमांक बदलतो. म्हणून धातू चुकीचा ओळखला तर नोंदच चुकते.

एकाच चित्राचे पदक तीन धातूंत मिळते. तिन्ही घ्यावीत का?

परवडत असेल तर शिकण्यासाठी यासारखे दुसरे साधन नाही. सॅन फ्रान्सिस्को १९१५ चे रॉबर्ट एटकेन यांचे अधिकृत पदक घ्या. ते चांदीत, ब्राँझमध्ये आणि सोन्याचे पाणी देऊन निघाले. तिन्ही शेजारी मांडून दिवा बाजूने लावा. चांदीत उजेड उंचवट्यावरून घसरतो, ब्राँझमध्ये तो खोलगट जागेत थांबतो, आणि मुलाम्यात बारीक रेषा किंचित भरल्यासारख्या दिसतात, कारण त्यांच्यावर आणखी एक थर बसलेला आहे. मग तिन्ही उलटी करा, डोळे मिटा आणि बोटांच्या चिमटीत तोलून चांदीचे कोणते ते सांगा. पहिल्या खेपेला मी चुकलो होतो.